येझदीचे दोन वाटे

२ मार्च, रविवार

गाडी आज गोविंदाच्या ताब्यात दिली. महिन्याचा पहिला रविवार, सक्करदऱ्याचा पेट्रोल पंप, बाजूचा तर्री-पोह्यांचा ठेला. सगळं नियमाप्रमाणे. तो ठेल्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. त्याने तिखट तर्री जास्त मागितली. पित्ताचा त्रास आहे, तरी जास्तच मागतो. मला काय करायचं आहे? किल्ली मी बाकावर ठेवली, त्याने उचलली. एक शब्द नाही. सख्खे भाऊ असे असतात.

नियम एकदा लिहून ठेवतो. नोंद नसली की लोक पुढे वाट्टेल ते बोलतात, हे मी पाटबंधारे खात्यात आयुष्यभर पाहिलं. बाबा गेले आणि तांडापेठेतल्या घराची वाटणी झाली. धाकट्याने घर ठेवलं, मी माझा हिस्सा घेऊन हुडकेश्वरला फ्लॅट घेतला. बाबांचे हातमाग विकून टाकले. भांडी वाटली. पाटा त्याच्याकडे गेला आणि वरवंटा माझ्याकडे. इतकी समान वाटणी साऱ्या तांडापेठेत झाली नसेल. उरली ती बाबांची येझदी मोटारसायकल. तिच्यावर साड्यांचे गठ्ठे बांधून बाबा उमरेडहून इतवारीच्या बाजारात यायचे. ती काही मधोमध चिरता येईना. शेवटी मारोतराव काकांनी ठरवून दिलं की एक महिना याची, एक महिना त्याची. एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचं नाही ही अट मात्र मी घातली. ती मला अजूनही योग्य वाटते.

देणाऱ्याने टाकी भरून द्यायची, तेल घेणाऱ्याने टाकायचं. जुनी गाडी आहे, पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळलं नाही तर इंजिन जळतं. गोविंदा कुठलं स्वस्तातलं तेल ओतेल याचा मला भरवसा नाही, आणि त्याला माझ्या तेलाचा नाही. म्हणून ज्याचं तेल त्याने.

आता खरी गोष्ट. आजवर मी गाडी देताना पंपावर गुपचूप तेलही टाकत आलो. नियमात नसताना. कारण हा विसरणार. शाळेत असताना परीक्षेला पेन न घेता गेलेला माणूस आहे हा. पण आज टाकलं नाही. त्याच्या मुलीचा, मेघाचा, साखरपुडा झाला आणि मला पत्रिका आली कुरिअरने. वर लिहिलेलं, 'श्री. चंदन व परिवार'. मोठ्या भावाला कुरिअर! घरी येऊन द्यायला पाय दुखत होते का? घरी यायचं नाही ही अट आहे, मान्य. पण साखरपुडा म्हणजे साखरपुडा. तेव्हा यापुढे मीसुद्धा नियमानेच वागणार आहे.

९ मार्च, रविवार

वसंत मेकॅनिकचा फोन आला. "चंदनभाऊ, गाडी बसली."

"बसली म्हणजे?"

"उमरेड रोडले इंजिन जाम झालं ना. मोठा आवाज झाला म्हणे, अन् मागचं चाकच फिरेना. गोविंदाभाऊ पडता पडता वाचले."

मी म्हटलं, चालवणारा तसा असेल तर गाडी काय करणार. फोन ठेवला. आमची सौ. अंजू पोळ्या लाटत होती, तिने हात थांबवला. "त्यायले लागलं तं नाही ना?"

"मी गाडीचं विचारलं," असं म्हटलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या घरात हे असं बघणं फार चालतं. शेवटी पुन्हा फोन लावून विचारलं. वसंतला, त्याला नाही. कोपर खरचटलं आहे, बाकी काही नाही.

एवढ्यासाठी दोन फोन झाले. उगीच.

१० मार्च, सोमवार

नंदनवनात वसंतच्या गॅरेजवर गेलो. इंजिन खाली काढून गोणपाटावर ठेवलेलं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला आहे, त्याच्या खालचा दांडा मोडला आणि इंजिनच्या पोटाला भोक पाडून बाहेर आला. त्या भोकात माझी दोन बोटं गेली.

वसंतला मत नावाची वस्तू देवाने दिलेली नाही. म्हणाला, "रिपेर बी होऊन जाईन, दुसरं बी बसन. तुम्ही म्हणसान तसं."

"तुझं काय म्हणणं?"

"तुमचं जे म्हणणं तेच."

हा माणूस पाटबंधारे खात्यात असता तर सचिव झाला असता.

गोविंदा आधीच येऊन बसला होता. कोपराला पट्टी, दाढी वाढलेली. आपल्यावर आभाळ कोसळलं आहे असा चेहरा. मी असताना तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी, त्यामुळे सगळं वसंतमार्फत. वसंतची मान टेबल-पंख्यासारखी इकडून तिकडे.

"वसंता, दादाले सांग, कामठीवाल्याकडं चालू इंजिन पडलं आहे, येझदीचंच. तेच बसवून टाकू. याच्यात काही दम नाही राहिला."

"वसंता, त्याले सांग, बाबाचं इंजिन भंगारात टाकणारा तू कोण? हेच रिपेर होईन."

"अन् त्याले हेबी सांग," मी पुढे म्हटलं, "का त्याच्याकडून गाडी आली की महिनाभर नुसता धूर ओकते. सोसायटीतल्या बाया वाळत घातलेले कपडे काढून नेतात. तवाच मले समजलं होतं, हा इंजिनची वाट लावून राहिला म्हणून."

गोविंदा जमिनीकडे बघत बसला. उत्तर असेल तर देईल ना.

प्रामाणिकपणे लिहायचं तर मलाही कामठीचंच इंजिन बरं वाटत होतं. पण तो आधी बोलला.

१२ मार्च, बुधवार

उजेड पडला! वसंतने टाकी उपसून पाहिली. तेलाचा थेंब नाही, कोरडं पेट्रोल. त्याने गोविंदाला विचारलं, तर साहेब काय म्हणाले? "गाडी घेतल्यावर तेल मी कवाच नाही टाकत. दादा टाकूनच देते."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझ्या तेलावर गाडी पळवत होता! नियम त्याच्यासाठी नव्हताच. मी आपला गुपचूप टाकतोय, आणि हा आपला गुपचूप वापरतोय. सगळं घरभर मोठ्याने सांगितलं.

अंजू मेथी निवडत होती. म्हणाली, "पण तुम्ही टाकता हे त्यायले कसं मालूम?"

"तेलाले रंग असते. झाकण उघडलं का दिसते."

"मंग या बारीस उघडून नाही पाह्यलं त्यायनं?"

"नाही पाह्यलं."

"काहून?"

"आळशी आहे म्हणून! आणखी काहून?"

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. तिला यंत्रातलं कळत नाही, म्हणून मीही वाढवलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

वसंत तोंड रंगवूनच निरोप घेऊन आला. गोविंदाभाऊ आता म्हणतात, रिपेअरच करू, बाबाचं इंजिन आहे.

घ्या! माझंच वाक्य माझ्याच दारात. आधी वाटलं, शरण आला. मग विचार केला. रिपेअर म्हणजे भोक भरणार वेल्डिंगवाला, सिलिंडरला नवी स्लीव्ह घालणार लेथवाला, जुने पार्ट शोधायला साऱ्या गावाला खेटे. आणि प्रत्येक ठिकाणी आम्ही दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, वसंतची मान मोडेपर्यंत. हे सगळं पावसाळ्यापर्यंत! त्यापेक्षा कामठीचं इंजिन बसवलं की दोन आठवड्यांत विषय संपतो.

वसंतला सांगितलं, "त्याले म्हणा, दादा म्हणते नवीन बसवा."

वसंतच्या रंगवलेल्या तोंडावर काय उमटलं ते दिसलं नाही. "बरं," म्हणाला आणि पुरणपोळी खाऊन गेला.

१६ मार्च, रविवार

मारोतराव काकांनी दोघांना गोळीबार चौकातल्या घरी बोलावून घेतलं. ऐंशीच्या पुढे गेले आहेत, कानाने कमी ऐकू येतं, म्हणून समोरचेही बहिरे आहेत असं धरून बोलतात.

"तुमच्या बापानं एक गाडी ठेवली, तिचं तुम्ही रामायण करून राहिले! एक म्हणते रिपेर तं दुसरा म्हणते नवीन. आता ऐका. कामठीचं इंजिन गाडीले बसवा. गाडी एकाची. जुनं इंजिन अन् पान्याची पेटी दुसऱ्याची. झाले दोन वाटे. हे दर महिन्याचं देणं-घेणं बंद!"

बंद हा शब्द त्यांनी फारच जोरात म्हटला. गोविंदा फरशी बघत होता, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. हवं होतं ते हेच होतं ना? जे इतकी वर्षं चिरता येत नव्हतं ते इंजिन फुटल्यामुळे आपोआप चिरलं गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाच असणार.

आमच्यात वाटणीची रीत अशी की वाटे थोरल्या भावाने करायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. मी वाटे सांगितले. काकांचेच, माझ्या शब्दांत. धाकटा काय उचलणार हे उघड होतं. चालती गाडी सोडून फुटकं इंजिन कोण घेतं? मी मनाची तयारी करूनच आलो होतो. इंजिन हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवायचं, जागासुद्धा मोजून झाली होती.

"उचल गा गोविंदा," काका म्हणाले.

"मले इंजिन."

"कोणतं?"

"जुनं."

"अबे, भोक पडलं ना त्याले!"

"मालूम आहे."

"मंग कायले पायजे?"

गोविंदाने कोपरावरची पट्टी नीट केली. "दादाले हुडकेश्वरहून यायले-जायले गाडी लागते," म्हणाला, "मी तं इथंच राहतो."

बघा! म्हणजे माझ्यावर उपकार. हुडकेश्वरला काय बस जात नाही? ऑटो जात नाहीत? मी काही म्हणायच्या आत काकांनी दोघांचे हात हातात घेऊन ठरलं असं जाहीर केलं, आणि काकूंनी आलूभात वाढला. निघताना चपला घालत तो म्हणाला, "येतो, दादा."

थेट मला म्हणाला. वसंत तिथे नव्हताही म्हणा. मी "हं" म्हटलं. आणखी काहीतरी म्हणता आलं असतं, पण तोवर तो कोपऱ्यावर पोचला होता.

२९ मार्च, शनिवार

गाडी आली. कामठीचं इंजिन पहिल्या किकला सुरू होतं. जुनं तीनचार लाथा खाल्ल्याशिवाय ऐकायचं नाही. आरटीओत नव्या इंजिनचा नंबर चढवायचा आहे, ते एक काम उरलं. आता गाडी पूर्ण माझी. महिना संपो न संपो, कोणाला द्यायची नाही, कोणाची वाट बघायची नाही.

वसंतसमोर गाडी रेस करून पाहिली. स्वच्छ. मी म्हटलं, "पाह्य, धूर हाय काय? आता गोविंदाचा हात नाही लागला ना."

वसंत हसला. त्याला मत नसतं, पण माहिती असते, आणि ती कोणीतरी विचारीपर्यंत तो खिशात ठेवून फिरतो. म्हणाला, "धूर कायचा येईन आता, भाऊ? आंधी डब्बल तेल पडे ना."

"डब्बल कसं?"

"गोविंदाभाऊ तुमाले देतानी तेल टाकूनच देत. वरून तुम्ही टाका. मंग धूरच होईन, दुसरं काय! मी कितीक डाव म्हटलं त्यायले, दादा टाकते गा, तुम्ही नका टाकू. तं म्हणे, अन् विसरला तं?"

मी विसरणार? मी! सबंध नोकरीत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही माझ्या हातून, आणि परीक्षेला पेन न नेणारा माझी काळजी करतो! तेलाचा रंग मला दिसायला हवा होता म्हणे. मी झाकण उघडतो ते तेल ओतायला, आत डोकवायला नाही. आणि हे वसंतने आजवर मला का सांगितलं नाही? तर म्हणे, "तुम्ही इचारलंच नाही."

चांगलं सुनावून निघालो. मानेवाडा चौकात गाडी बाजूला घेतली आणि बंद करून जरा वेळ तशीच उभी ठेवली. फार वाईट वाटलं. दुसरा कुठला शब्द लिहावा म्हणून पाहिलं, पण तोच बरोबर आहे. मागून कोणीतरी हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा घरी आलो.

६ एप्रिल, रविवार

सवयीने सक्करदऱ्याला गेलो. सवय ही गाढवालासुद्धा असते. टाकी भरून घेतली. ठेल्यावर आपल्या टोकाला बसलो आणि किल्ली काढून बाकावर ठेवली. का ठेवली ते ठाऊक नाही. पोहे येईपर्यंत ती तिथेच पडून होती.

ठेलेवाला म्हणाला, "दुसरे भाऊ नाही आले आज?"

"नाही येणार. वाटणी झाली आमची."

"अरेरे," म्हणाला.

अरेरे म्हणायला तुझं काय गेलं? पोहेवाल्याने पोहे करावेत. तर्रीला आज चव नव्हती, तेही सांगितलं त्याला. प्लेट अर्धी टाकली.

घरी येऊन अंजूला म्हटलं, बरं झालं कटकट गेली. ती म्हणाली, "हो, दिसून राहिलं ना." या बाईला काय दिसतं कोण जाणे. दिवसभर बसून विचार केला आणि एवढं लिहितो: त्या रिपेअरला मी हो म्हणायला हवं होतं. पावसाळ्यापर्यंत लागला असता वेळ, तर लागला असता. आता गाडी उत्तम चालते आणि मला तिच्यावरून कुठेच जायचं नाही. दुपारी तिच्यावर चादर टाकून ठेवली.

१३ एप्रिल, रविवार

आज तांडापेठेत जाणं भाग होतं. प्लग काढायचा पाना पेटीबरोबर गोविंदाच्या वाट्याला गेला आहे आणि प्लग साफ करायला झाला होता. बाजारात पाने मिळतात हे मला ठाऊक आहे, पण असलेली वस्तू पुन्हा विकत घेणारा मी नाही. अट मोडली असं कोणी म्हणू नये. अट मी घातली, तेव्हा सूटही मीच देऊ शकतो.

निघताना अंजूने पाटवड्यांचा डबा हातात दिला. भरून तयारच होता. मी कुठे निघालोय हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

दार उघडंच होतं. माग होते त्या जागी गोविंदा गोणपाट टाकून बसलेला, पुढ्यात ते इंजिन, परातीत रॉकेल आणि त्यात नट-बोल्ट. हातात हातोडी. माणूस पिस्टनवर सरळ हातोडी घालत होता! सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पंखांचा एक तुकडा उडून भिंतीपाशी पडलेला. मला बघून त्याची हातोडी हवेतच राहिली.

"हे काय करून राहिला गा?" मी म्हटलं. वसंत नव्हता, म्हणून सरळच म्हटलं.

"पिस्टन निघत नाही."

"हातोडीनं निघते काय? फोडून टाकलं ना पुरं! अक्कल काय मागासंगं इकली काय तुवा?"

"मंग कसं काढू? तूच सांग."

त्याची बायको सुभद्रा आतून पळत आली, पदर सावरला, पाया पडली, खुर्ची आणायला गेली. खुर्ची येईपर्यंत मी गोणपाटावर बसलोही होतो. गुडघे कुरकुरले, त्यांचं काय मनावर घ्यायचं. त्याला दाखवलं, आधी तेल सोडून मुरू द्यायचं, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू मारायचं. तो ऐकतो आणि उलटंच करतो. मी ठोकळा धरला की हा ठोकणार माझ्या बोटावर. लहानपणीही मागाच्या खड्ड्यात असंच व्हायचं, बाबा दोघांनाही बाहेर हाकलायचे. मी ओरडत होतो, तो "हाव, हाव" म्हणत होता. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. मधेच सुभद्राने पाटवड्या गरम करून आणल्या, तर आम्हाला भरवाव्या लागतील अशी अवस्था.

म्हणाली, "मेघाच्या लग्नाची पत्रिका छापून आली, दादा. हे म्हणतात कुरिअरनं पाठवू."

"पोस्टानं पाठवा," मी म्हटलं, "कुरिअरवाला दार लय जोरात वाजवते." गोविंदा खाली मान घालून हसला. मीही हसलो असेन, आरसा नव्हता.

ऊन उतरलं तरी पिस्टन तसूभर हलला नव्हता. भोक आहे तिथेच आहे. पंख तुटला तो वेगळा. वसंतही म्हणणार नाही की हे इंजिन आता सुरू होईल, आणि वसंत काहीही म्हणू शकतो. हे सगळं त्याला स्पष्ट सांगितलं. तो ऐकत होता आणि परातीतला एकच नट पुन्हा पुन्हा पुसत होता.

मग मान वर न करता म्हणाला, "तरी किती दिवस लागन, दादा?"

"मी एकटा बसलो तं पावसाच्या आंधी होईन," मी म्हटलं. "अन् तू हात लावशीन तं सालभर नाही होत."

त्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"मंग लावतो," म्हणाला.